टॅलेंट, तोळा आणि मण

संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: बायबलातल्या मत्तयाच्या २५व्या अध्यायातल्या दाखल्यावर मनन लिहायला घेतलंय. धनी परदेशी जाताना तीन चाकरांना पाच, दोन आणि एक असे जे देतो, त्याला 'टॅलेंट' म्हणावं, 'तालांत' म्हणावं की 'रुपये'? आणि टॅलेंटसाठी मराठीत 'प्रतिभा' चालेल का?

'प्रतिभा' नको. प्रतिभा सुचते, स्फुरते. काव्यशास्त्रकार भट्ट तौताने तिला नवनवोन्मेषशालिनी, म्हणजे सतत नवं नवं स्फुरणारी प्रज्ञा म्हटलं ते उगाच नाही. दाखल्यातल्या धन्याने जे दिलं ते वजन करून दिलं.

'येशूच्या काळी टॅलेंटचे दोन अर्थ होते, पैसा आणि कलागुण' हे वाक्य उपदेशांत आणि मननांत इतक्यांदा कानावर पडलंय की आता गप्प राहवत नाही. दोन अर्थ नव्हते. ग्रीक 'तालांतोन' म्हणजे तराजू, मग तराजूत घालायचं वजन, मग तेवढ्या वजनाची चांदी. एका तालांतोनाचे ६,००० द्राख्मा, म्हणजे ग्रीकांची चांदीची नाणी. रोमी दिनार साधारण द्राख्माच्याच किमतीचा, आणि मत्तयाच्याच २०व्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाला एक दिनार मिळतो. म्हणजे वर्षाचे ३०० दिवस काम धरलं तर एक तालांत ही वीस वर्षांची मजुरी! 'बिचाऱ्याला एकच मिळाला' म्हणून ज्याच्यासाठी आपण हळहळतो, त्या चाकराने जमिनीत वीस वर्षांची कमाई पुरली होती.

शिवाय वचन नीट वाचा. धन्याने 'ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे' दिलं. योग्यता चाकरांकडे आधीच होती, ती पाहून तालांत दिले. मग तालांत म्हणजेच योग्यता कशी होईल? कलागुण हा अर्थ दाखल्यात नव्हता, तो दाखल्यातून निघाला. शतकानुशतकं उपदेशक सांगत आले की देवाने दिलेलं पुरून ठेवू नका, आणि इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या सुमाराला वजनाचा हा शब्द गुणाचा झाला. वाटेत त्याने आणखी एक वळण घेतलं. मध्ययुगीन फ्रेंच-इटालियनमध्ये त्याचा अर्थ होता इच्छा, ओढ. तराजू एका बाजूला झुकतो, तसं मन झुकतं. मराठीत हे समजावून सांगावंच लागत नाही: आपण तराजूचाही 'कल' म्हणतो आणि मुलाचाही 'कल' म्हणतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. ग्रीक 'तालांतोन' आणि संस्कृत 'तुला' ही एकाच मुळाची फळं आहेत. उचलणं, पेलणं असा त्या मुळाचा अर्थ. आकाश खांद्यावर पेलणारा ग्रीकांचा अ‍ॅटलासही त्याच घरातला. आपल्याकडे त्याच तुलेपासून तोल, तोलणे, तुलना, तूळ रास आणि सोनाराचा तोळा. म्हणजे टॅलेंट आपल्याला परका नाहीच, तो तोळ्याचा सख्खा भाऊ आहे. इतकंच नाही, वजनापासून गुणापर्यंतचा त्याचा प्रवास मराठीने स्वतःच्या बळावर, कुठल्याही दाखल्याची मदत न घेता केला: 'त्या तोलामोलाचा गायक आता नाही.' टॅलेंटेडला मराठी शब्द शोधणाऱ्यांनी 'प्रतिभावान'कडे धाव घेण्याआधी हा घरचा शब्द पाहायला हवा होता.

लूकच्या १९व्या अध्यायात अशीच गोष्ट आहे, पण तिथे दहा चाकरांना प्रत्येकी एक 'म्ना' मिळतो. मराठी बायबलात त्याची मोहर झाली. साठ म्ना मिळून एक तालांत. हा म्ना मूळचा बाबिलोनकडचा, अक्कदी 'मनू', हिब्रूत 'माने'. बायबलातल्या बाबिलोनच्या बेलशस्सर राजाच्या भिंतीवर उमटलेल्या 'मने, मने, तकेल'मधला मने बहुतेक अभ्यासकांच्या मते हाच. माझ्या मते आपला धान्याचा मणही अरबी 'मन्न'मार्फत त्याच घराण्यातून आला. मण संस्कृत 'मान'पासून, म्हणजे माप या अर्थाच्या शब्दापासून आला असं सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. वजनं भाषेच्या वंशावळीने चालत नाहीत, व्यापाऱ्यांच्या पडावांतून येतात. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात 'मना हिरण्यया' आहे, सोन्याची मना. तिच्यातही अनेक अभ्यासकांना बाबिलोनचं हेच वजन दिसतं. 'मान'वाल्यांनी या सोन्याच्या मनेचं काय करायचं ते आधी सांगावं.

आणि पाहा, आपल्याकडे येता येता दोघांची उलटापालट झाली! तिकडे साठ म्ना पोटात घेणारा तालांत थोरला. इकडे त्याचा भाऊ तोळा इतका हलका की नाजूक तब्येतीला आपण 'तोळामासा' म्हणतो, आणि धाकट्या म्नाचा मण ३,२०० तोळ्यांचा.

राहिले 'रुपये'. पाच हजार, दोन हजार, एक हजार रुपये हे भाषांतर लिहिलं गेलं तेव्हा ती मोठी रक्कम होती. आज वर्गातल्या मुलाला एक हजार सांगा, तो म्हणेल, एवढेसे पैसे पुरून ठेवले म्हणून चाकराला बाहेरच्या अंधारात टाकलं? रुपयाची किंमत उतरत जाते हे ठाऊक असताना भाषांतरकारांनी वजन सोडून नाणं धरायला नको होतं.

ताई, 'तालांत' लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथेच 'म्हणजे वीस वर्षांची मजुरी' हे शब्द जोडा. उदाहरण गाणाऱ्या मुलीचं देऊ नका. बचत गटाच्या खजिनदार बाईचं द्या, जिच्या ट्रंकेत वीस जणींचे पैसे आहेत. दाखल्यात धनी आपली मालमत्ता चाकरांच्या हवाली करतो, आणि शेवटी तिसरा चाकर 'हे घ्या तुमचं' म्हणून ती जशीच्या तशी परत करतो. 'हवाली' आणि 'तुमचं' या दोन शब्दांवर मनन लिहा.