जिभेचा कॅन्सर आणि सोनोग्राफीत गळा स्वच्छ: गाठी आत्ताच काढायच्या की थांबायचं? (आमचा अनुभव, मोठं आहे)

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोप लागली नाही. बाबांच्या जिभेच्या डाव्या कडेला दीड सेंटिमीटरचा चट्टा, बायप्सीत कॅन्सर, सोनोग्राफीत गळ्यात काही नाही, एक सर्जन म्हणतात नुसता जिभेचा तुकडा काढू आणि गळ्यावर लक्ष ठेवू, दुसरे म्हणतात त्याच भुलीत गळ्यातल्या गाठीपण (लिम्फ नोड, त्या प्रत्येकाच्या गळ्यात असतातच, कॅन्सर आधी तिथे पसरतो) काढून टाकू, आणि तुमचा चुलतभाऊ म्हणतोय चिरफाड कशाला, इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं) घ्या. चुलतभाऊ आणि दुसरे सर्जन सोडले तर हे सगळं जसंच्या तसं आमच्या घरात २०१७ च्या फेब्रुवारीत घडलंय. माझा मोठा भाऊ, तेव्हा ४६ चा.

मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवतो. खाली लिहितोय ते एका पेशंटच्या भावाचं मत आहे, बाबांचं काय करायचं ते त्यांना तपासणारे डॉक्टरच ठरवणार. तंबाखू बंद, शुगर कंट्रोल, भुलीच्या तपासण्या हे तुम्हाला सांगून झालंच असेल, त्यावर वेळ घालवत नाही.

दादाला पहिल्या सर्जननी सांगितलं की गळा क्लिअर आहे, उगाच मान कशाला कापायची, खांदा दुखतो, व्रण राहतो, दर दोन महिन्यांनी दाखवा, गाठ आली तर तेव्हा बघू. आम्हाला बरं वाटलं. खरं सांगतो, मलाच सगळ्यात बरं वाटलं, कारण ऑपरेशन लहान, खर्च कमी, दादा चौथ्या दिवशी घरी. मी एकही प्रश्न विचारला नाही. सप्टेंबरात दाढी करताना दादाच्याच बोटाला जबड्याखाली हरभऱ्याएवढं काहीतरी लागलं.

आता जे मला नंतर कळलं ते तुम्हाला आधी कळू दे. तुमचे दोन सर्जन ज्या प्रश्नावर वेगळं बोलतायत, त्याच प्रश्नावर आपल्या मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये मोठी ट्रायल झाली आहे. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमची. २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं पेशंट घेतले, सगळे तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे, बहुतेक जिभेचेच, गळ्यात गाठ नसलेले, म्हणजे बाबांसारखे. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, दुसऱ्याचं फक्त तोंडाचं ऑपरेशन केलं आणि गाठ आली तरच गळा केला, म्हणजे गळ्यातल्या गाठी काढल्या. पहिल्या ५०० पेशंटचा निकाल २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के जिवंत, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. आजार परत न येता राहिलेले ६९.५ विरुद्ध ४५.९. साडेबारा टक्क्यांचा फरक म्हणजे आठ जणांचा गळा पहिल्यांदाच केला तर त्यातला एक जीव जास्तीचा वाचतो. वर्गात मी टक्केवारी रोज शिकवतो, पण हा ‘आठात एक’ मला आजही फळ्यावर लिहिता येणार नाही.

सोनोग्राफी स्वच्छ असून असं का, तर कॅन्सरचे कण गाठीत गेलेले असतात पण गाठ फुगलेली नसते, त्यामुळे फोटोत दिसत नाही. त्या ट्रायलमध्ये ज्यांच्या गाठी आधीच काढल्या त्यातल्या साधारण ३० टक्के लोकांच्या गाठीत सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सर सापडला, आणि वरून तपासताना तर सगळ्यांचाच गळा स्वच्छ होता. शिवाय थांबून केलेलं ऑपरेशन लहान राहत नाही, आधी केलं तर वरच्या तीन पातळ्यांच्या गाठी निघतात, गाठ आल्यावर केलं तर जास्त काढावं लागतं आणि बऱ्याचदा वर रेडिएशन.

हा निकाल दादाच्या ऑपरेशनच्या दोन वर्षं आधीचा. ट्रायल झाली ते हॉस्पिटल आमच्या गावापासून एका रात्रीच्या एसटीवर. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दादाचा गळा आधी केला असता तर तो वाचला असता असं मी म्हणू शकत नाही, म्हणणं बरोबरही नाही. ट्रायल पाचशे लोकांबद्दल बोलते, एका माणसाबद्दल नाही, आधी गाठी काढलेल्या गटातलेसुद्धा तीन वर्षांत वीस टक्के गेलेच. पण निर्णय घेताना माझ्यासमोर हे आकडे असते तर मी काय निवडलं असतं ते मला नक्की माहीत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मुद्दाम हे लिहायला बसलो ती. खोली. कॅन्सर जिभेत किती मिलिमीटर खोल गेलाय. रिपोर्टमध्ये त्याला डेप्थ ऑफ इन्व्हेजन किंवा नुसतं डीओआय लिहितात. चट्ट्याची लांबी-रुंदी वरून दिसते पण गाठीत जाण्याचा धोका बराचसा खोलीवर ठरतो, तीन मिलिमीटरपर्यंत कमी असतो आणि चारच्या पुढे गेलं की बहुतेक डॉक्टर गळा करायच्या बाजूचे असतात. २०१८ पासून तर स्टेज ठरवतानाच खोली धरतात, दोन सेंटिमीटरच्या आतला चट्टासुद्धा पाच मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर टी वन (पहिली पायरी) राहत नाही, टी टू (दुसरी) होतो. आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये चार ओळी होत्या, कॅन्सरचं नाव, मार्जिन फ्री (म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर नाही), खाली सही. खोलीचा आकडाच नव्हता. आणि मी तो रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवला होता.

गाठ लागल्यावर दादाला घेऊन मुंबई गाठली. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, खोली किती होती? स्लाईड आणि ब्लॉक आणलेत का? जीभ परत कापावी लागेल की नुसता गळा करायचा हे त्याशिवाय कसं ठरवू? मी म्हटलं, ब्लॉक म्हणजे? तर काढलेल्या तुकड्याचे भाग मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक, आणि त्याच्या पातळ चकत्या काचेवर घेतात त्या स्लाईड. ते सगळं पहिल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये.

मी त्या रात्रीच परत निघालो, सकाळी साडेनऊला त्यांच्या रेकॉर्डच्या खिडकीवर. जाळीच्या आतून उत्तर आलं, ब्लॉक बाहेर देत नाही. मग म्हणे सर्जनचं पत्र आणा, सर्जन कॉन्फरन्सला, सोमवारी येणार. सोमवारी पत्र आणलं तर पॅथॉलॉजीच्या मॅडमची सही पाहिजे, मॅडम दोन ते चारच असतात. सही मिळाली तर ओरिजिनल पावती पाहिजे, झेरॉक्स चालणार नाही, ती वहिनीने मेडिक्लेमच्या फायलीत लावून पाठवलेली. मग म्हणे पेशंटने स्वतः येऊन अर्ज द्यावा. दादा आला, गळ्याला उपरणं गुंडाळून पाऊण तास त्या रांगेत उभा राहिला, कारण तिथे बसायला बाकडं नव्हतं. खिडकीतल्या माणसाने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. एकोणीस दिवस गेले ताई. शेवटी एका टेक्निशियन पोराला मी जिन्यात गाठलं, त्याने रजिस्टरमध्ये नंबर बघितला, कपाटाचा खण ओढला आणि दहा मिनिटांत ब्लॉक माझ्या हातावर ठेवला. अंगठ्याच्या दोन पेरांएवढी प्लास्टिकची चौकट, त्यात पांढरट मेण, मेणात नखाएवढा करडा ठिपका आणि कडेला पेन्सिलने नंबर. यासाठी एकोणीस दिवस. तोपर्यंत हरभऱ्याची सुपारी झाली होती.

मुंबईत परत तपासल्यावर खोली निघाली सात मिलिमीटर. फेब्रुवारीत तो आकडा रिपोर्टवर असता तर गळ्यावर नुसतं लक्ष ठेवायचं कुणाला सुचलंच नसतं. गळ्याचं ऑपरेशन झालं, कॅन्सर गाठीचं आवरण फोडून बाहेर आलेला होता, म्हणून रेडिएशनसोबत केमोपण द्यावी लागली. २०१९ च्या मार्चमध्ये दादा गेला.

त्या हॉस्पिटलचं नाव मी लिहिणार नाही, विचारूही नका. पण हे लिहून ठेवा, पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने वैद्यकीय कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यायची असा मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांमध्ये नियम आहे. तो कागदांसाठी आहे, ब्लॉकसाठी नाही, तरी लेखी अर्ज देऊन पोच घेतली आणि त्यात हा नियम लिहिला की खिडकीतली भाषा बदलते, हे मी नंतर दुसऱ्या एका नातेवाइकाच्या वेळी बघितलंय. मी तेव्हा सगळं तोंडी मागत राहिलो, हात जोडत राहिलो, एक ओळ लेखी दिली नाही, ही माझी चूक.

म्हणून बाबांचं करायचं काय तर बायप्सीच्या स्लाईड आणि ब्लॉक आत्ताच मागून घ्या, गरज पडायची वाट बघू नका. ऑपरेशन कुठेही करा, आधी सर्जनना विचारा की फायनल रिपोर्टमध्ये खोली मिलिमीटरमध्ये येणार का, मार्जिन किती मिलिमीटरचं ते येणार का, किती गाठी काढल्या आणि किती लागण झालेल्या ते येणार का. या प्रश्नांवर चिडणाऱ्या ठिकाणी मी माझ्या माणसाला ठेवणार नाही. ब्लॉक नेताना डब्यात कापसात गुंडाळून न्या, उन्हात गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. प्रवास जमत नसेल तर टाटाच्या तज्ज्ञांचं मत ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून मिळतं, घरबसल्या रिपोर्ट पाठवता येतात.

माझं स्पष्ट मत, दुसरे सर्जन म्हणतायत तसं गळा सोबतच करा. खोली खरोखरच दोन-तीन मिलिमीटरच्या आत निघाली आणि बाबा न चुकता फॉलोअपला जाणारे असतील तर पहिल्या सर्जनचं म्हणणंही अगदी चूक नाही, पण मग ते त्यांना आकडा दाखवून म्हणू द्या. आणखी एक मधला रस्ता आहे, सेंटिनेल नोड, म्हणजे कॅन्सर सगळ्यात आधी ज्या गाठीत जाईल ती शोधून आधी तेवढीच तपासायची. फ्रान्स आणि जपानमधल्या ट्रायलमध्ये तो पूर्ण गाठी काढण्याच्या तोडीचा निघाला, पण त्याची सोय आणि सवय असलेल्या सेंटरमध्येच, तालुक्याला नाही.

चुलतभावाला प्रेमाने सांगा. त्याने पाठवलेली बातमी बहुतेक पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची असणार, अमेरिकेत २०२५ च्या जूनमध्ये त्याला मंजुरी मिळाली. पण ते औषध ऑपरेशनच्या आधी आणि नंतर देतात, ऑपरेशनच्या ऐवजी नाही, आणि तेही वाढलेल्या आजारात. दुसरं निवोलुमॅब, टाटानेच त्याचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस, नेहमीच्या दहाव्या भागापेक्षा कमी, तोंडाने घ्यायच्या गोळ्यांसोबत देऊन बघितला आणि एक वर्षाने जिवंत असलेले १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. सामान्य माणसाला परवडेल असं करून दाखवलं याचं मला फार मोल वाटतं, पण तो आजार परत आलेल्या किंवा बरा न होणाऱ्या पेशंटसाठी आहे. बाबा आज बरे होण्याच्या टप्प्यावर आहेत, तो टप्पा प्रयोगात घालवू नका.

बाकी फुटकळ. गळ्याच्या ऑपरेशननंतर हात वर न्यायला त्रास होऊ शकतो, फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यात विचारा, दादाने टाळली आणि शर्ट घालताना शेवटपर्यंत वहिनी लागायची. रेडिएशन लागणार असेल तर किडलेले दात आधी काढून घ्या, नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, आणि ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत ते सुरू व्हावं असं बघतात, म्हणून सरकारी योजनेची मंजुरी लागणार असेल तर आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम बघणारा माणूस) आधीच गाठून ठेवा. तोंड आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकावर एक ठेवून व्यायाम करायचा, रोज, कंटाळा आला तरी. नाकातली नळी लागली तर मिक्सरमधलं गाळूनच घाला आणि प्रत्येक वेळी नंतर साधं पाणी. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीला तिकिटाचे पैसे लागत नाहीत (तिकीट मात्र काढावं लागतं), सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट असते, हॉस्पिटलकडून त्याचा फॉर्म भरून घ्या.

खोलीचा आकडा कळला की इथे लिहा. मी रात्री दहानंतर बघतो.