उपकरणांचा संवाद आणि बॅटरीचा खर्च : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्या इमारतीच्या टाकीवर पाण्याची पातळी कळवणारा वाय-फाय सेन्सर आहे. तो दर मिनिटाला नोंद पाठवतो, पण २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पंधरवड्यात संपते. मोठी बॅटरी घ्यावी का?

उत्तर : मोठ्या बॅटरीने दुखणे फक्त पुढे ढकलले जाईल. प्रत्यक्ष नोंद पाठवायला काही मिलिसेकंद पुरतात. खर्च होतो तो दर वेळी झोपेतून उठून राउटरशी जोडणी करण्यात. त्यात चार सेकंद जातात आणि सरासरी १०० मिलिअँपिअर प्रवाह लागतो असे धरले, तर दर खेपेला सुमारे ०.११ आणि दिवसाला १६० मिलिअँपिअर-तास खर्ची पडतात, म्हणजे तुमचा पंधरवडा बरोबर जुळतो. मोजमाप खुशाल दर मिनिटाला करावे, पण रेडिओ बंद ठेवून. पातळी पाच टक्क्यांनी बदलली तरच संदेश पाठवावा आणि काहीच बदलले नाही तर तासाला एकदा नुसती हजेरी लावावी. ही हजेरी काटकसरीपायी गाळू नये, कारण मग गप्प असलेला आणि बंद पडलेला सेन्सर यांतला फरक कळण्याचा मार्गच उरत नाही. बोर्डावर सतत पेटणारा लहान दिवा असल्यास तोही काढून टाकावा. चिप झोपेत काही मायक्रोअँपिअरच घेत असली, तरी असे दिवे आणि स्वस्त व्होल्टेज रेग्युलेटर मिळून कित्येक मिलिअँपिअर खातात.

प्रश्न : सांवेरजवळच्या शेतातील ओलावा-सेन्सर दोन किलोमीटरवरच्या घरी लोराने (कमी विजेत लांबवर संदेश पाठवणाऱ्या रेडिओ-पद्धतीने) माहिती पाठवतात. सोयाबीन वाढले की संदेश गळू लागतात. स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे संदेश किती संथपणे पाठवायचा ते ठरवणारा आकडा, ७ वरून १२ करावा, असे विक्रेता सांगतो. ते योग्य आहे का?

उत्तर : संदेश पोहोचतील, पण किंमत मोजून. बारा बाइटांची नोंद ७ वर सुमारे ६० मिलिसेकंदांत जाते, तर १२ वर तिला जवळजवळ दीड सेकंद लागतो. म्हणजे पाठवण्याची वीज वीसपटींहून अधिक लागते आणि तितका वेळ रेडिओची वाहिनी अडल्याने शेजारच्या सेन्सरांच्या संदेशांशी टक्कर होण्याची शक्यताही वाढते. या बदल्यात साधारण १२ डेसिबल (संदेशाच्या ताकदीचे माप) पदरात पडतात. सपाट जमिनीवर एवढ्या अंतरासाठी अँटेनाची उंची दुप्पट केली की सैद्धांतिक हिशेबाने ६ डेसिबल मिळतात; तेव्हा पिकात बुडालेला अर्ध्या मीटरवरचा अँटेना बांबूला बांधून दोन मीटरवर नेला, तर तेवढाच लाभ बॅटरीला हातही न लावता होतो, शिवाय ओल्या पानांचा अडथळाही टळतो. माझे मत विचाराल तर आधी बांबू, मग स्प्रेडिंग फॅक्टर.

प्रश्न : पीथमपूरच्या कारखान्यात आमचे साठ लोरा सेन्सर विजेवर चालतात. वीज जाऊन आली की निम्मे बराच वेळ सापडत नाहीत. प्रत्येक संदेशाची पोच मागावी का?

उत्तर : वीज येताच साठही जण एकदम बोलू लागतात, हेच मूळ कारण आहे. वाट न पाहता वाटेल तेव्हा बोलण्याची ही पद्धत १९७१ साली हवाई विद्यापीठाच्या अलोहा या बिनतारी संगणक-जाळ्यात वापरली गेली आणि तीत वाहिनीचा उपयोगी वापर फार तर १८ टक्क्यांपर्यंत जातो. प्रत्येक सेन्सरने सुरू झाल्यावर शून्य ते दहा मिनिटांत यादृच्छिक वेळ थांबावे आणि अपयश आल्यास दर वेळी प्रतीक्षा दुप्पट करावी. पोच फक्त धोक्याच्या इशाऱ्यांसाठी मागावी, कारण सामान्य गेटवे (सेन्सरांचे संदेश गोळा करणारे यंत्र) पोच पाठवत असताना दुसरे काहीच ऐकू शकत नाही. नेहमीच्या नोंदींसाठी प्रत्येक संदेशात मागील दोन मोजमापे जोडली, तर एखादा संदेश गळाला तरी माहिती हाती राहते.

प्रश्न : घरातील झिगबीचे (घरगुती उपकरणांच्या कमी विजेवरच्या बिनतारी जाळ्याचे) दिवे व दरवाजाचे सेन्सर अधूनमधून जाळ्यातून तुटतात. वाय-फायमुळे होत असेल का?

उत्तर : शक्य आहे, दोन्हीही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर वाहिनी १ वर आणि झिगबी २५ वर ठेवावे. मात्र त्याआधी भिंतीवरची बटणे पाहावीत : झिगबीत विजेवर चालणारे दिवे आणि प्लग इतरांचे संदेश पुढे पोहोचवतात, बॅटरीवरचे सेन्सर नाहीत, त्यामुळे कुणी सवयीने दिव्याचे बटण बंद केले की त्यामागचे सेन्सरही तुटतात.