रंगासाठी सहा लाख रुपये जास्त द्यावेत का?

दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदार वाचकांनी विचारले आहे: "वय ४६ वर्षे. बागेवर कर्ज नाही. दोन हंगाम चांगले गेल्यामुळे जुनी पोर्शे ७१८ केमन ही जर्मन स्पोर्ट्स कार घ्यायची फार वर्षांची इच्छा पुरी करणार आहे. एकाच वर्षाच्या आणि जवळपास सारख्याच चाललेल्या दोन गाड्या पाहिल्या. दोन्हींची नोंदणी महाराष्ट्रातलीच आहे. पांढरी ६२ लाखांना मिळते, पिवळी ६८ लाखांना. पिवळ्या गाडीचा विक्रेता म्हणतो की हा रंग दुर्मीळ असल्यामुळे विकताना वरचे पैसे पूर्ण वसूल होतात. या ६ लाखांसाठी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडावी लागेल. मोडावी का? की पांढरी घेऊन तिच्यावर पिवळे रॅप (मूळ रंगावर चिकटवायची रंगीत फिल्म) करून घ्यावे?"

सप्रेम नमस्कार. एफडी मोडू नये, हे मी प्रथमच स्पष्ट लिहितो. गाडी घेण्याला माझी हरकत नाही. आपल्यावर कर्ज नाही, पैसा कष्टाचा आहे आणि ही हौस आपण बरीच वर्षे लांबणीवर टाकलेली दिसते. प्रश्न फक्त वरच्या ६ लाखांचा आहे, आणि त्याचे उत्तर रंगापेक्षा हिशेबात अधिक आहे.

विक्रेत्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या किमतींचा अभ्यास करणाऱ्या आयसीकार्स या संकेतस्थळाने २०२५ मध्ये जी आकडेवारी मांडली, तिच्यानुसार तीन वर्षांत सर्व गाड्यांची किंमत सरासरी सुमारे ३१ टक्क्यांनी उतरली, पिवळ्या गाड्यांची मात्र सुमारे २४ टक्क्यांनीच. पांढऱ्या गाड्या सरासरीपेक्षा किंचित जास्तच उतरल्या. परंतु हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पिवळा रंग मुळात स्पोर्ट्स कारवरच अधिक दिसतो आणि अशा गाड्यांची किंमत एरवीही टिकते, त्यामुळे या आकड्यात रंगाचे श्रेय किती आणि गाडीचे किती हे वेगळे काढता येत नाही. शिवाय तो अमेरिकेचा बाजार आहे. तिथे पिवळ्या स्पोर्ट्स कारला गिऱ्हाईक शोधण्यासाठी जेवढा मोठा मुलूख मिळतो, तेवढा आपल्याकडे मिळत नाही.

कोणत्या गाडीला कोणता रंग 'शोभतो' ही समजूतही प्रत्येक कंपनीच्या इतिहासातून आलेली असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटार शर्यतींत देशानुसार रंग ठरले होते: इटलीचा लाल, ब्रिटनचा हिरवा, फ्रान्सचा निळा, बेल्जियमचा पिवळा, जर्मनीचा आधी पांढरा आणि पुढे चंदेरी. फेरारीचा लाल रंग तिथूनच आला. या न्यायाने आपल्याला स्वस्तात मिळणारी पांढरी गाडीच एका जर्मन गाडीच्या मूळ रंगात आहे. पिवळी वाईट दिसते असे मी म्हणत नाही, ती देखणीच दिसते. पण 'हिला हाच रंग हवा' म्हणून लाल फेरारीसाठी गिऱ्हाईक जसे थांबते, तसे पिवळ्या केमनसाठी थांबेल असे गृहीत धरू नये.

आता हिशेब पाहू. समजा, एफडीवर ७ टक्के व्याज मिळते आणि त्यावर ३० टक्के कर जातो, म्हणजे हातात ४.९ टक्के उरतात. या दराने ६ लाखांचे पाच वर्षांत सुमारे ७ लाख ६२ हजार होतात. याचा अर्थ, पाच वर्षांनी पिवळी गाडी पांढरीपेक्षा ६ लाख जास्त आणून देऊनही भागणार नाही, ७ लाख ६२ हजार जास्त आणून दिले तरच आपली बरोबरी होईल. तोवर पांढरी गाडी, उदाहरणादाखल, ६२ वरून ३८ लाखांवर आली, तर पिवळी साडेपंचेचाळीस लाखांच्या वर विकली गेली पाहिजे. आज रंगाची किंमत गाडीच्या सुमारे १० टक्के आहे. त्या दिवशी ती २० टक्के झालेली असावी लागेल. गाडी जुनी होत जाते तसे गिऱ्हाईक इंजिन, टायर आणि सर्व्हिसचा इतिहास अधिक बारकाईने पाहू लागते, आणि रंगासाठी दुप्पट प्रमाणात पैसे मोजणारा माणूस नेमका त्याच वेळी भेटावा, ही अपेक्षा मला धोक्याची वाटते.

विम्याचाही विचार करावा. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विम्यातील घोषित किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, आणि ती ठरवताना रंगासाठी कोणी ६ लाख वाढवून देईल असे वाटत नाही. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर ते पैसे बुडालेच म्हणून समजावे.

विकण्याची वेळ येईल तेव्हा आपण नाशिकमध्ये असाल, हेही महत्त्वाचे आहे. एमएच १५ पासिंगची दोन आसनी स्पोर्ट्स कार इथे विकत घेणारे मोजकेच, त्यामुळे गाडी बहुधा मुंबई किंवा पुण्याच्या डीलरकडे दाखवावी लागेल. पांढऱ्या रंगाला नाही म्हणणारे कमी भेटतात. पिवळी ज्याला हवी तो लगेच हो म्हणतो आणि बाकीचे फोटो पाहूनच पुढे जातात. घाई नसेल तर हे चालते. पण एखाद्या वर्षी बेमोसमी पाऊस झाला, बाग गेली आणि पैशाची तातडी निर्माण झाली, तर हीच निवड अंगावर येते. द्राक्षाच्या उत्पन्नावर घर चालवणाऱ्या माणसाने पटकन विकली जाणारी वस्तू बाळगावी, असे माझे ठाम मत आहे.

रंग कोणता यापेक्षा तो मूळचा आहे का, यावर भाव जास्त हलतो. मागे एका अशिलासोबत लाल कूपे पाहायला गेलो होतो. गाडी कित्येक वर्षे बंगल्यासमोर उघड्यावर उभी होती. उन्हाने बॉनेट फिकट, खडूसारखे झाले होते आणि हात फिरवला की खरखर जाणवत होती. मेकॅनिकने रंगाची जाडी मोजणारे यंत्र छतावर ठेवले तेव्हा ११८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आले, मागच्या उजव्या फेंडरवर ३१० आले. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे तो फेंडर पुन्हा रंगवलेला होता. मालकाने अपघाताचा उल्लेखही केला नव्हता. त्या दिवशी अशिलाने तो व्यवहार सोडला, आणि ते योग्यच झाले.

रॅपचा पर्याय ६ लाखांपेक्षा पुष्कळ स्वस्त पडेल आणि मूळ रंग खाली सुरक्षित राहील, म्हणून तो मला पिवळ्या गाडीपेक्षा शहाणपणाचा वाटतो. मात्र आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते. संपूर्ण गाडीचा रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत चौकशी करून नोंद बदलून घ्यावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावरून रॅप काढताना खालचा रंग सोलून येऊ शकतो, त्यामुळे इथेही आधी जाडी मोजून घ्यावी. रॅप केलेली गाडी सावलीत ठेवायची सोय नसेल, तर हा खर्च करूच नये.

माझा सल्ला पांढरी घेण्याचा आहे. तरीही मन पिवळ्यावरच असेल, तर पाच वर्षांनी या रंगाचे ३ लाख जास्त मिळतील असे उदारपणे धरू. वरच्याच दराने त्यांची आजची किंमत २ लाख ३६ हजार होते. म्हणून पिवळीसाठी साडेचौसष्ट लाखांपर्यंत बोलणी करावीत आणि वरचे अडीच लाख पुढच्या हंगामाच्या पैशातून द्यावेत, मुलीच्या ठेवीतून नव्हे. मालक त्या आकड्यावर येत नसेल तर आग्रह सोडावा. कोणतीही गाडी पाहायला सकाळच्या उजेडात जावे, गाडी धुतलेली पण कोरडी असावी, सोबत जाडी मोजणारे यंत्र असलेला मेकॅनिक असावा, आणि टोकन देण्यापूर्वी गाडीवरच्या स्टिकरवरील रंगाचा कोड कंपनीच्या नोंदीशी व आरसीवरील रंगाशी जुळतो का, हे स्वतः पाहावे.