तेच ते गुन्हेगार पुन्हापुन्हा सुटतात, न्यायाधीशांना त्यांचा इतिहास दिसत नाही का?

आपण विचारले आहे की तीच ती माणसे पुन्हापुन्हा पकडली जातात, थोडक्या शिक्षेवर सुटतात आणि बाहेर येऊन पुन्हा तेच करतात, तरी न्यायाधीशांना दया कशी येते. काही वर्षांपूर्वी माझ्या घरी चोरी झाली आणि मला साक्षीदार म्हणून न्यायालयात उभे राहावे लागले, तेव्हा जवळजवळ याच शब्दांत हा प्रश्न मी सरकारी वकिलांना विचारला होता. त्यामुळे आपल्या संतापाला मी नावे ठेवणार नाही. तो रोख मात्र चुकीच्या माणसावर जातो, असे आता मला वाटते.

आमच्या खटल्यातील आरोपीवर अकरा गुन्ह्यांची नोंद होती. चोरीनंतर दीड वर्षाने साक्षीचे बोलावणे आले, दोन तारखा वाया गेल्यावर तिसऱ्या तारखेला माझी साक्ष झाली आणि त्यानंतरच्या तारखेला आरोपीने गुन्हा कबूल करून टाकला. कोठडीत काढलेले नऊ महिने हीच शिक्षा धरून न्यायालयाने त्याला मोकळे केले. माझा आवाज चढलेला पाहून सरकारी वकिलांनी पोलिसांनी जोडलेली त्या अकरा गुन्ह्यांची यादी माझ्यासमोर ठेवली आणि शेवटचा रकाना वाचा, असे सांगितले. एकच पान होते. सात गुन्ह्यांपुढे ‘न्यायप्रविष्ट’, तिघांपुढे ‘निर्दोष’ आणि फक्त एकापुढे ‘शिक्षा’ असे लिहिलेले होते. त्या एका शिक्षेच्या निकालपत्राची प्रत मात्र फाइलमध्ये नव्हती, म्हणजे न्यायाधीशांच्या दृष्टीने समोर उभा असलेला इसम पहिल्यांदाच दोषी ठरत होता.

‘सराईत’ हा शब्द पोलिसांचा आणि आपला आहे. न्यायालय मोजते ती दोषसिद्धी. हे सुरुवातीला मला निव्वळ तांत्रिक वाटले, पण उलट बाजूने पाहिल्यावर पटले, कारण नुसत्या नोंदींवर शिक्षा वाढू लागली तर ज्याचे नाव एकदा यादीत गेले त्याला प्रत्येक नव्या चोरीत उचलणे हा तपासाचा सर्वांत सोपा मार्ग होऊन बसेल. म्हणूनच अनेक देशांत आरोपीचे जुने गुन्हे दोष सिद्ध होईपर्यंत साधारणपणे विचारात घेतले जात नाहीत. ते बाहेर काढण्याची वेळ शिक्षा ठरवताना येते, आणि कबुलीनंतर प्रकरण झटपट उरकण्याच्या घाईत नेमकी तीच पायरी निसटते.

थोड्या माणसांच्या हातून बरेचसे गुन्हे घडतात, हा आपला अंदाज खरा आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलांच्या नोंदी गुन्हेशास्त्रज्ञ मार्व्हिन वोल्फगँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या, तेव्हा त्यांतील ६२७ मुलांच्या, म्हणजे सुमारे सहा टक्क्यांच्या, नावावर एकूण गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक गुन्हे निघाले. (याही नोंदी पोलिसांच्याच होत्या, हे ध्यानात ठेवावे.) या सहा टक्क्यांना कायमचे आत टाकले की प्रश्न मिटला, असे वाटणे स्वाभाविक आहे.

कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये तसे करून पाहिले. दोन गंभीर गुन्ह्यांनंतर तिसरा गुन्हा सिद्ध झाला की किमान पंचवीस वर्षांची आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा, असा कायदा झाला. आणि तो तिसरा गुन्हा गंभीरच असावा अशी अट नव्हती. गॅरी युइंग याने गोल्फच्या तीन काठ्या चोरल्या आणि त्याला ही शिक्षा झाली. त्याच्या नावावर घरफोड्या आणि जबरी चोरी होती, म्हणजे तो काही भाबडा नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी ती शिक्षा कायम ठेवली. त्यानंतर नऊ वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच राज्यातील मतदारांनी तिसरा गुन्हाही सामान्यतः गंभीर किंवा हिंसक असला पाहिजे, अशी दुरुस्ती मोठ्या बहुमताने मंजूर केली. अशा शिक्षांची आणखी एक अडचण वयाची असते. गुन्ह्यांचे प्रमाण विशीच्या आसपास सर्वाधिक असते आणि पुढे उतरत जाते, त्यामुळे तिसऱ्या दोषसिद्धीपर्यंत पोहोचलेला माणूस पुष्कळदा उताराला लागलेला असतो आणि त्याच्या म्हातारपणाचा खर्च तुरुंग करत राहतो.

बेक्कारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच मांडले होते की शिक्षेची जरब तिच्या कठोरपणापेक्षा तिच्या अटळपणात असते. आमच्या आरोपीपुरते बोलायचे तर ते सात प्रलंबित खटले वेळेवर संपून त्यांतील चार जरी सिद्ध झाले असते, तरी पाचव्या वेळी कोणत्याही न्यायाधीशाला नऊ महिन्यांवर थांबणे जड गेले असते.

सगळा दोष कागदांचा आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. मागच्या शिक्षा रीतसर सिद्ध झालेल्या असताना, वेगवेगळ्या घरांतल्या चोऱ्यांच्या शिक्षा एकाच वेळी भोगण्याची मुभा देऊन चार गुन्हे एकाच्या भावात बसवले जातात, तेव्हा माझाही संयम सुटतो. कारण ती सवलत का दिली याची दोन ओळींचीही कारणे निकालपत्रात पुष्कळदा नसतात.

आपला स्वतःचा खटला चालू असेल, तर सरकारी वकिलांना एक गोष्ट आवर्जून विचारा, आणि ती निकालाच्या दिवशी न विचारता आरोपीने कबुलीची भाषा सुरू करण्यापूर्वी विचारा: मागच्या दोषसिद्धीच्या निकालपत्राची प्रमाणित प्रत फाइलला लावली आहे का? मी हे विचारले नव्हते, कारण अशी प्रत लागते हेच मला ठाऊक नव्हते.