स्वस्तात मिळणारे मिडकॅप शेअर्स म्युच्युअल फंडातून घ्यायचे तर कोणता फंड बघावा?

नेमका 'मिडकॅप व्हॅल्यू फंड' असा प्रकार सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) यादीत नाही, गोंधळ इथूनच सुरू होतो. बाजारमूल्यानुसार १०१ ते २५० क्रमांकाच्या कंपन्या म्हणजे मिडकॅप. मिडकॅप फंडाला किमान ६५ टक्के पैसा त्यांत ठेवावाच लागतो, पण ते शेअर स्वस्त असतील असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट व्हॅल्यू फंड स्वस्त शेअर शोधतो, पण तो लार्जकॅपमध्येही (पहिल्या १०० मोठ्या कंपन्यांत) रमतो.

म्हणून नावावर जाऊ नका, फॅक्टशीट (फंडाचं दरमहाचं माहितीपत्रक) उघडा. व्हॅल्यू फंडात मिडकॅपचा वाटा किती ते बघा. पी/ई (शेअरची किंमत कमाईच्या किती पट आहे तो आकडा) दिला असेल तर निफ्टी मिडकॅप १५० या मिडकॅप निर्देशांकाच्या पी/ईशी ताडून पाहा. निर्देशांकापेक्षा महाग पोर्टफोलिओ (फंडातले सगळे शेअर) असेल तर 'व्हॅल्यू' फक्त पाटीवर! आणखी एक, २०२४ पासून मिडकॅप फंडांना स्ट्रेस टेस्टचे आकडे जाहीर करावे लागतात: निम्मा पोर्टफोलिओ विकायला किती दिवस लागतील. हा आकडा फार कमी लोक बघतात.

स्वस्त शेअर वर्षानुवर्षं स्वस्तच राहू शकतो, कधी कारण कंपनीचे प्रवर्तक (मालक) असतात. २०१८ मध्ये सेन्सेक्स वर गेला, मिडकॅप निर्देशांक मात्र चांगलाच आपटला. त्यामुळे सात वर्षं ज्यांना हात लावावा लागणार नाही असेच पैसे घाला, एसआयपीने (दरमहा ठरावीक रक्कम). मुलीच्या पुढच्या वर्षीच्या फीचे तर मुळीच नको.

कर: वर्षानंतर विकल्यास सव्वा लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के, आधी विकल्यास २० टक्के.