शेतावरची चित्रपुस्तकं: सुरुवात कुठून करावी?

चार वर्षांच्या लेकीसाठी शेतावरचं कुठलं पुस्तक आधी घेऊ, 'शार्लट्स वेब' चालेल का, असं विचारलंत. ई. बी. व्हाइट यांच्या या डुक्कर-कोळिणीच्या कादंबरीची इतक्यात घाई नको. गार्थ विल्यम्सची चित्रं सुरेखच, पण १९५२चं ते पुस्तक मुख्यतः मजकुराचं. सात-आठव्या वर्षी घ्या.

आधी डोनाल्ड हॉल यांचं 'ऑक्स-कार्ट मॅन' (१९७९) हे चित्रपुस्तक शोधा. ऑक्टोबरात शेतकरी लोकर, बटाटे, मेपलची साखर बैलगाडीत भरतो, अमेरिकेतल्या पोर्ट्समथच्या बाजाराला चालत जातो. माल विकतो, गाडी विकतो, शेवटी बैलाच्या नाकाचा मुका घेऊन त्यालाही विकतो. तिथे वाचताना थांबा, लेक काहीतरी विचारेलच. बार्बरा कूनीची चित्रं जुन्या लाकडी फळीवरच्या रंगकामासारखी दिसतात. चित्रपुस्तकांसाठी अमेरिकेत दिलं जाणारं कॅल्डेकॉट पदक १९८० साली त्यांनाच मिळालं.

मग प्रोव्हेन्सन दांपत्याचं 'द इयर ॲट मेपल हिल फार्म'. महिन्यामागून महिना चालतं. तिथे जानेवारीत बर्फ, आपल्या गावाकडे हुरडा. ते तिला जरूर सांगा.

नवी प्रत महाग वाटली तर फ्लोरा फाउंटन किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला पदपथावर जुनी पुस्तकं चाळा. मधली जोडपानं उघडून शिवण बघा आणि पुस्तक हुंगून बघा. कुबट वास आला तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका; मुंबईच्या पावसाळ्यात ती बुरशी शेजारच्या पुस्तकांनाही लागते.