दोनदा गर्भपात झाला. मी मशेरी लावते आणि नवरा सिगारेट ओढतो. कारण हेच असेल का?

(प्रश्न थोडक्यात: वय २९. दोन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात गर्भ पडला. स्वतः सिगारेट ओढत नाही, पण दिवसातून तीनदा मशेरी लावते. नवरा घरातच ओढतो. सासूबाईंच्या मते सगळं तंबाखूमुळे झालं.)

संबंध आहे, पण 'सगळं त्यामुळेच' असं म्हणता येत नाही. एकदा घरात दोष ठरला की पुढच्या तपासण्या कोणी मनावर घेत नाही, म्हणून हे आधीच स्पष्ट करतो.

२०१४ मध्ये जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली. गरोदरपणात सिगारेट ओढणाऱ्या बायकांमध्ये गर्भपाताचा धोका सुमारे ३२ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि रोजच्या प्रत्येक सिगारेटमागे साधारण १ टक्का वाढ. नुसता दुसऱ्याचा धूर घेणाऱ्यांमध्ये ११ टक्के. हे टक्के वाचताना लोक फसतात. शंभरातल्या १५ बायकांना एरवीही गर्भपात होतो असं धरलं, तर ३२ टक्के वाढीने १५ चे २० होतात, ४७ नाही.

हे झालं एकेका गर्भपाताचं. वारंवार होणाऱ्या गर्भपाताबद्दल पुरावा कच्चा आहे. २०२१ च्या एका छाननीत सिगारेटशी स्पष्ट संबंध दिसला नाही. वजन फार कमी किंवा जास्त असण्याशी मात्र दिसला. तरीही युरोपातली तज्ज्ञ संघटना अशा जोडप्यांना सिगारेट सोडायलाच सांगते, कारण जिवंत मूल हाती येण्याची शक्यता सिगारेटमुळे घटू शकते.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे गर्भाला मिळणारा ऑक्सिजन कमी पडतो. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. धुरातला कॅडमियम हा विषारी धातू वारेत (प्लासेंटात) साठतो. ओढणाऱ्या बायकांमध्ये बीजांडंही लवकर संपतात. त्यांची पाळी सरासरी एक-दोन वर्षं आधी जाते.

मशेरीत धूर नाही, म्हणून ती निरुपद्रवी असा समज आहे. पण निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं, आणि बोट फिरवून तोंडात जितका वेळ ठेवाल तितकं जास्त जातं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा केला गेला. मशेरी किंवा तसली बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि पोटात मूल दगावण्याचा धोका अडीच पटींहून जास्त होता. हे निष्कर्ष उशिराच्या महिन्यांचे आहेत, आठव्या आठवड्याचे नाहीत. पण गरोदरपणात मशेरी चालते असं म्हणायला जागा उरत नाही. शिवाय घरी तव्यावर तंबाखू भाजत असाल, तर तो धूर तुमच्याच नाकात जातो.

सोडताना बहुतेकींची गाडी एकाच ठिकाणी अडते: 'मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.' हे खोटं नाही. निकोटिन आतड्यांना चालना देतं, त्यामुळे सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकतो. त्याची तयारी आधी करा: रात्री कोमट पाण्यातून दोन चमचे इसबगोल, सकाळी उठल्याबरोबर दोन पेले पाणी. पहिले दोन-तीन दिवस सर्वात वाईट जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते. तलफ आली की काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप चघळा. सुपारी नको, तिचाही बाळाच्या वजनावर परिणाम होतो. घरातली डबी फेकून द्या आणि दात टूथपेस्टने घासा. 'थोडीशी दातांसाठी' म्हणून ठेवलेली डबी आठवड्यात पुन्हा बाहेर येते.

तरीही जमत नसेल तर निकोटिनचं च्युइंग गम मिळतं. पण गरोदर असाल, किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल, तर ते डॉक्टरांना विचारूनच. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या गरोदरपणात टाळतात. १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे.

नवऱ्याने बाल्कनीत जाऊन ओढणं हा उपाय नव्हे, धूर दारातून परत येतो. आणि प्रश्न फक्त तुमच्या नाकाचा नाही: सिगारेटने शुक्राणूंमधल्या डीएनएचं नुकसान होतं. नवे शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणजे आज सोडली तर फरक पडायला अडीच-तीन महिने. सासूबाईंचा हिशेब इथे सुधारायला हवा. दोष वाटून द्यायचाच असेल तर निम्मा नवऱ्याकडे जातो.

आता तपासण्या. दोन गर्भपातांनंतर थायरॉइड, गर्भाशयाची सोनोग्राफी (शक्यतो थ्रीडी) आणि रक्त गोठवणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीज पाहायला सांगा. ही शेवटची चाचणी महत्त्वाची, कारण त्यावर अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनचा उपचार आहे. पहिल्या तिमाहीतल्या निम्म्याहून जास्त गर्भपातांत मुळात गर्भाच्याच गुणसूत्रांत दोष असतो. म्हणून पुन्हा तशी वेळ आलीच, तर पडलेला गर्भ जनुकीय तपासणीला पाठवायला सांगा. तो निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवतात. सवयीने फॉर्मालिनमध्ये टाकला तर पेशी मरतात आणि त्यांची वाढ करून गुणसूत्रं पाहता येत नाहीत. नर्सला आधीच सांगून ठेवा.

अँटीबॉडीजची चाचणी पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. नवऱ्याचे तीन महिनेही साधारण तेवढेच. तोवर दिवस राहू देऊ नका, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा, आणि मशेरी-सिगारेट याच १२ आठवड्यांत सोडा.